गाडी आपल्या नावावर, लायसन कुणाचं?



बचत गटातून कर्ज काढून टेम्पो घ्यायचा विचार आता बऱ्याच जणी करतात. गाडीची किंमत, हप्ता, डिझेल, सगळा हिशोब होतो. एक गोष्ट मात्र विचारायची राहते: गाडी चालवणाऱ्याचं लायसन कोणत्या गाडीचं आहे?

एका लायसनवर सगळ्या गाड्या चालवता येत नाहीत. मोटारसायकलच्या लायसनवर टेम्पो चालत नाही. टेम्पोला निदान एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन लागतं. मालाची गाडी हलकी की जड, हे वजनावर ठरतं. गाडीचं स्वतःचं वजन आणि तिच्यात भरायला परवानगी असलेला माल मिळून ७,५०० किलोपर्यंत असेल, तर ती हलकी. हा आकडा आरसी बुकात असतो. आपला छोटा हत्ती यातच बसतो. अशा गाडीवर भाड्याने माल न्यायला एलएमव्ही लायसन पुरतं, वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ ला दिला. ई-रिक्षा आणि धोकादायक माल यांचे नियम मात्र वेगळे आहेत. भाडं घेऊन माणसं न्यायची, तर बॅजचं आधी आरटीओत विचारा.

गाडी ७,५०० किलोच्या वर गेली, की ट्रान्सपोर्टचं लायसन हवंच. त्यासाठी वय २० पूर्ण, एलएमव्ही लायसन काढून एक वर्ष झालेलं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. ते साधारण दर ५ वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली. म्हणजे शाळा सुटलेली ताईसुद्धा हे लायसन काढू शकते.

हे सगळं का सांगते? गाडी ताईच्या नावावर असते, चालवतो दीर किंवा भाचा. योग्य लायसन नसताना त्याच्या हाती किल्ली दिली, तर कायद्याने मालकिणीलाही ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झालाच, तर विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. गाडीचे हप्ते चालूच, वर हा बोजा.

म्हणून किल्ली देण्याआधी लायसन हातात घ्या. वर्ग वाचा, मुदत बघा, आरसी बुकातलं वजन ताडून पाहा. घरचा माणूस असला तरी विचारायला लाजू नका.