शोकनायक, घर आणि वारसा

(सांगली येथे साहित्यरसिकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्याची उमर अर्थशास्त्र शिकवण्यात गेली त्याने कादंबरीतील शोकनायकावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु एक पिढी पुढच्या पिढीसाठी काय राखून ठेवते आणि तिच्या वाट्याचे किती स्वतःच खाऊन बसते, हा अर्थशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न आहे. शोकांतिकेचा जुना प्रश्नही यापासून फार दूर नाही. बापाचे पाप, मुलाचा भोग आणि घराण्याचा शाप या तिच्या मूळच्याच वस्तू होत. म्हणून माझ्या दृष्टीने शोकनायकाचा विचार हा वारशाचा विचार आहे.

पाश्चात्त्य शोकनायक मराठीत येताना आपल्या याच मुलखातून आला. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांनी १८८३ साली हॅम्लेट मराठीत आणला आणि त्यास 'विकारविलसित' असे नाव दिले. देवल सांगलीला लागून असलेल्या हरिपूरचे. त्यांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत मराठी रंगभूमीचा पाया घातला होता, त्यामुळे भूमी तयार होती. आगरकरांचे शीर्षक मोठे बोलके आहे. दुःखाचे मूळ मनोविकारांत आहे, असे ते सांगते. राजपुत्र आणि सेनापती यांच्या शोकांतिकेला ते शोभतेही. त्यांच्या पोटाची चिंता नाटककाराला करावी लागत नाही. पडायला उंची असली की पुरते.

ज्याला मुळात उंचीच नाही, असा माणूस शोकनायक होऊ शकतो काय? या प्रश्नाचे उत्तर मिळायला १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. खांडेकरांचा जन्म १८९८ चा, सांगलीतला. अण्णा भाऊंचा १९२० चा, वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. एकच जिल्हा आणि एकच वर्ष. पण हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची प्रथा आपल्या समीक्षेत पडली नाही. एकाला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दुसऱ्याला १९६१ साली राज्य शासनाचा. आणि दोघांचे वाचक वेगवेगळ्या आळींत राहिले.

ययातीजवळ सर्व काही आहे. राज्य आहे, रूप आहे, दोन स्त्रिया आहेत. नहुषाची मुले सुखी होणार नाहीत, हा शापही त्याला वारशात मिळाला आहे. तरीही त्याची शोकांतिका शापाने घडत नाही. ती भूक न शमण्याने घडते. वार्धक्य आले तेव्हा तो पोटच्या पुरूकडे त्याचे तारुण्य मागतो. बापाने मुलाचे आयुष्य उसने घेणे, यापरते भोगवादाचे भेदक चित्र मला तरी ठाऊक नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात सुखलोलुपतेकडे झुकू लागलेला मध्यमवर्ग खांडेकरांच्या नजरेसमोर होता, आणि पौराणिक वेष चढवून त्यांनी त्यालाच उभा केला.

फकिराकडे काहीच नाही. त्याचा बाप रणोजी गावाची यात्रा भरावी म्हणून शिगावहून जोगणी आणायला जातो आणि मारला जातो. मुलाला वारसा मिळतो तो या मरणाचा. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागतात तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि सरकारी खजिन्याला हात घालतो. आणि सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी आपण होऊन हजर होतो. पुढे फास आहे हे जाणून तो येतो.

एका कादंबरीत बाप मुलाकडून घेतो. दुसरीत बाप गावासाठी देतो आणि मुलगा आपल्या माणसांसाठी. दोघांच्याही घरावर घाला पडतो, पण एकाचे घर आतून पोखरले जाते, दुसऱ्याचे बाहेरून मोडले जाते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. तोवर हजेरी देणे हाच कित्येक घरांचा दिनक्रम होता. ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाला रात्री स्वतःच्या अंथरुणात असल्याचा पुरावा द्यावा लागतो, त्या घराची शोकांतिका मनोविकारांत शोधून सापडणार नाही.

येथे आपल्या चळवळीतल्या मित्रांशी माझा थोडा मतभेद आहे. ते म्हणतात, फकिरा हा व्यवस्थेचा बळी. व्यवस्था बदलली की असे नायक उरणार नाहीत आणि शोकांतिकाही उरणार नाही. मला हे पटत नाही. निव्वळ बळी हा शोकनायक नसतो. फकिरापुढे शेवटी दोन वाटा होत्या आणि त्याने एक निवडली. ही निवड काढून घ्या, तर उरते ती फक्त सरकारी अहवालातली नोंद. अण्णा भाऊ स्वतः लाल बावट्याखालचे कार्यकर्ते होते. परिस्थितीचे बळ त्यांना कोणी शिकवायला नको होते. तरीही त्यांनी आपल्या नायकाला निर्णयाचा अधिकार दिला. गरिबाला भाकर मिळावी हे आपण म्हणतोच; त्याला स्वतःच्या दुःखाचे कर्तेपणही मिळावे, हे त्यांनी म्हटले.

याआधी, १९५५ साली, आटपाडी भागातल्याच व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' लिहिली. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. शाळा भरते, तालीम उभी राहते, आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे घेऊन माणसे निघून जातात. येथे नायक पडत नाही, वाडीच उठते. तिला कोणी शत्रू नाही, कोणाचा प्रमाद नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र विचारावेसे वाटते की, पाऊस पडला नाही हे दैव. पण माणदेशाला पाणी पोचले नाही, हेही दैवच काय?

या प्रश्नाचे उत्तर पुढे काळानेच दिले. टेंभूजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने खानापूर-आटपाडीकडे नेणारी योजना १९९०च्या दशकात सुरू झाली. आगरकरांच्या गावचे पाणी बनगरवाडीच्या मुलखात जावे, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पाण्याची वाट पाहता पाहता याच दुष्काळी भागातली कितीतरी घरे सोन्याचांदीच्या गलाई धंद्यासाठी देशभर पांगली. गावाकडे मोठे बंगले उभे राहिले आणि त्यांत म्हातारी माणसे राहिली. या घरांची कादंबरी मला अद्याप भेटलेली नाही.

आणि जेथे पाणी आधीच पोचले होते, त्या ऊसपट्ट्याचे काय? सहकारी कारखाने, शाळा, महाविद्यालये, पक्की घरे. १९१९ साली कर्मवीरांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तिची फळे आपण सर्वांनी चाखली. असे असता २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली भरल्या अवघ्या ८५१. दुष्काळाने हे केले नाही, परक्या सरकारनेही केले नाही. २०१७ साली म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले भ्रूण सापडले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पण तो आकडा सोळा वर्षे आधीच छापलेला होता.

वाचलेल्या लेकीची वाटही सुकर नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. व्यवहारात काय होते? माहेर तुटू नये म्हणून बहीण निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते, आणि भाऊ तिला साडी नेसवतो. कायदा बदलला, कागद बदलला, घर मात्र तेच राहिले.

म्हणून मी म्हणतो, आज आपल्यात फकिरा उरला नाही याचे दुःख करण्याआधी ययाती किती माजले ते पाहावे. पोराच्या नावे कारखाना आणि बँक ठेवण्यासाठी अख्ख्या तालुक्याचे तारुण्य मागणारे पुढारी आपण पाहतो. त्यांच्याविरुद्ध बोलणे आपल्याला सोपे जाते. कठीण आहे ते आपल्या माजघरातल्या ययातीविरुद्ध बोलणे. तो पुरूकडे तारुण्य मागतो आणि लेकीकडे जन्मच मागतो.

मराठी कादंबरीने हॅम्लेटपासून फकिरापर्यंत मजल मारली. राजवाड्यातले दुःख तिने वेशीबाहेरच्या वस्तीत नेऊन मोठे केले. आता तिने ऊसपट्ट्यातल्या दुमजली घराच्या माजघरात शिरावे. तेथे एखादी बहीण हक्कसोडपत्र समोर ठेवून बसली असेल. सही करावी की न करावी, हा तिचा पेच डेन्मार्कच्या राजपुत्राच्या पेचाहून तसूभरही लहान नाही. केली तर वाटा जातो, न केली तर माहेर जाते. ती काय निवडते ते लेखकाने लिहावे. आणि तिला असे निवडावे लागू नये, एवढे काम आपण, चळवळीतल्या माणसांनी, स्वतःच्या घरापासून सुरू करावे.