गोधडी : जुन्या वस्त्रांतून जुळणारे घर

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात मोठमोठ्या विषयांवर विचारमंथन होणे स्वाभाविक आहे. आजचा विषय मात्र लहान आहे आणि तो बहुतेक घरांत ट्रंकेच्या तळाशी घडी होऊन पडलेला आहे. तो विषय म्हणजे गोधडी.

महाराष्ट्रात गोधडी पाहिली नाही असा मनुष्य क्वचितच सापडेल. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी म्हणतात, तर संस्कृतात तिचे नाव कंथा. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव स्वच्छतेचा संदेश देत फिरणाऱ्या संत गाडगे महाराजांना (1876-1956) लोक गोधडे महाराज म्हणूनही ओळखत. नावे अनेक असली तरी कृती एकच. वापरून विटलेली सुती वस्त्रे थरावर थर अंथरायची आणि साध्या धावदोऱ्याने एकजीव करायची. यात कोणतेही यंत्र लागत नाही. एक मोठी सुई, जाड सुती दोरा, बोटात अंगुस्तान आणि बसायला ऐसपैस जागा एवढेच भांडवल.

गोधडीला जुनेच कापड का लागते, याचे उत्तर कापडाच्या स्वभावात आहे. नव्या सुती कापडात खळ असते. ते ताठ असते, पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते आणि कधीकधी रंगही सोडते. नवे आणि जुने कापड एकत्र शिवले, तर नवे आटून जुन्याला सुरकुत्या पाडते. वर्षानुवर्षे धुतलेले लुगडे मात्र आटायचे तेवढे आटलेले आणि रंग सोडायचा तेवढा सोडून बसलेले असते. त्याचा धागा मऊ होतो, सुईला अडवत नाही आणि घामही शोषून घेतो. म्हणूनच तान्ह्या बाळाचे दुपटे नव्या कापडाऐवजी आजीच्या जुन्या लुगड्याचे करण्याची रीत पडली. बाळाच्या कोवळ्या त्वचेला मानवेल असे दुसरे कापड घरात नसे.

गोधडीची ऊबही विचार करण्याजोगी आहे. एकाच जाडजूड कापडापेक्षा पाच पातळ थर अधिक उबदार ठरतात, कारण थराथरांच्या मध्ये हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा शरीराची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. टाके जवळजवळ घातले की थर सरकत नाहीत आणि टाक्यांच्या मधल्या फुगीर जागेत ही हवा टिकते. आजींच्या पिढीने हे पुस्तकात वाचले नव्हते. माघातल्या थंडीत अनुभवले होते.

आता थोडा हिशेब मांडून पाहावा. नऊवारी लुगड्याची लांबी 9 वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, आणि पन्हा साधारण 45 इंच. साडेसहा फूट लांब व पाच फूट रुंद गोधडीसाठी अशा एका लुगड्यातून, जोड देऊन, तीन थर निघतात. पाच थरांच्या गोधडीला दोन लुगडी पुरतात आणि थोडे उरते. आता टाके मोजू. काठापासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत जायचे आणि दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवायचे, असे धरले तर ओळींची एकूण लांबी 780 फूट होते. इंचाला तीन टाके या प्रमाणाने 28,080 टाके झाले. मिनिटाला दहा टाके पडतात असे मानले, तरी नुसत्या शिवणीला सुमारे 47 तास लागतात. रोज दुपारी दोन तास बसले तर चोवीस दिवस! धुणे, वाळवणे, उसवणे, कापणे आणि जुळवणे यांचा वेळ यात धरलेलाच नाही. आज बाजारात अथवा महिला बचत गटाच्या विक्री केंद्रावर हाताने शिवलेली गोधडी पाहून जे घासाघीस करतात, त्यांनी हा हिशेब एकदा मनाशी करावा.

ही कला केवळ आपल्या प्रांताची नाही. बंगालमध्ये हीच कंथा 'कांथा' नावाने प्रसिद्ध झाली. तेथील स्त्रिया जुन्या साड्यांच्या काठांतले रंगीत दोरे काढून त्यांनीच फुले, पशुपक्षी, रथ आणि कथाप्रसंग भरीत. गुरुसदय दत्त (1882-1941) या सनदी अधिकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा कांथा जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातून पुढे कोलकात्याजवळ त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांचे फूल लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. थंडी त्या फुलाशिवायही भागली असती. तरीही ते लावले जाते, कारण गरजेच्या वस्तूलाही शोभा असावी असे शिवणाऱ्या हातांना वाटते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गोधडीचा जन्म हौसेतून झाला नाही, तो गरजेतून झाला. घरात नवे पांघरूण विकत आणण्याइतका पैसा नव्हता म्हणून दिवसभर राबलेल्या स्त्रीने दुपारची विश्रांती सोडून सुई हाती घेतली. तिच्या त्या श्रमांचे मोल कोणत्याही वहीत जमेस धरले गेले नाही. पुढे नऊवारी मागे पडली, घरोघरी कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या, गिरणीच्या चादरी व ब्लँकेटे स्वस्त झाली आणि गोधडी अडगळीत गेली. जुनी वस्त्रे बोहारणीच्या टोपलीत गेली व त्या बदल्यात स्टीलची भांडी आली. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. परंतु कष्टांबरोबर आणखीही काही हातचे निसटले. ते काय, हे एका कुटुंबातील प्रसंगावरून कळेल.

घरातील आजींच्या निधनानंतर काही महिन्यांनी त्यांची ट्रंक उघडली गेली. आत 14 नऊवारी लुगडी निघाली. बहुतेक सुती, विटलेली, काही पदराशी विरलेली. दोन सुना आणि दोन लेकी भोवती बसल्या. नेसण्याजोगे त्यांत फारसे काही नव्हते आणि टाकायला मन धजावत नव्हते. अखेर थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "चार गोधड्या करू. चौघींच्याही घरी आई राहतील." सर्वांना हा विचार पटला. पण पहिला थर अंथरण्यापासूनच अडले. आजींनी जन्मभर गोधड्या शिवल्या. त्यांच्या शेजारी बसून शिकावे असे मात्र चौघींपैकी कोणालाही कधी सुचले नव्हते.

मग गल्लीतील, सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना बोलावले. त्यांनी प्रत्येक लुगडे बोटांनी चाचपून नऊ निवडले. त्यातले एक कृत्रिम धाग्याचे निघाले. "हे आत घसरेल गं, घालू नका," असे त्यांनी बजावले. परंतु धाकट्या लेकीला त्याचा रंग प्रिय होता. तिने आग्रहाने ते आपल्या गोधडीत घातले. दोन-चार धुण्यांतच तो थर आतल्या आत गोळा झाला आणि टाके उसवून ते काढावे लागले. ही चूक सुधारता आली. एक उणीव मात्र भरून निघाली नाही. शिवताना नातवाने विचारले, "हे हिरवे लुगडे आजीने केव्हा घेतले होते?" चौघींनी एकमेकींकडे पाहिले. कोणाच्या लग्नाचे, कोणाच्या बारशाचे, की दादांनी पहिल्या कमाईतून आणलेले? सांगणारे माणूसच गेले होते. गोधड्या चार झाल्या, उबदारही झाल्या. परंतु त्यांतील प्रत्येक ठिगळाची कथा आजींबरोबर निघून गेली.

सज्जनहो, या प्रसंगाचे तात्पर्य एवढेच की कापड ट्रंकेत वाट पाहू शकते, हात वाट पाहू शकत नाहीत. म्हणून ज्या घरी आई, आजी, मावशी अथवा आत्या आज आहेत, त्या घराने एक गोधडी याच वर्षी सुरू करावी. मोठीच हवी असे नाही. वारभर लांबी-रुंदीच्या दुपट्यापासून आरंभ करावा. कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. काठ, हुक, बटणे आणि जाड शिवणी आधी काढाव्यात. रंगाची शंका आली तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. सुती आणि कृत्रिम कापड एकत्र करू नये. सर्व थरांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवावेत. चार कोपऱ्यांवर वजन ठेवून सुरकुत्या काढाव्यात व आधी मोठे कच्चे टाके घालून मगच काठाकडून शिवत जावे.

शिवताना ज्येष्ठांना मध्ये बसवावे. दृष्टी मंद झाली असेल तर सुई दुसऱ्याने ओवून द्यावी. प्रत्येक तुकडा हाती घेताना तो कोणाचा, केव्हाचा हे विचारावे आणि घरातील शिकत्या मुलाने ते वहीत लिहून ठेवावे. एका कोपऱ्यावर शिवणाऱ्यांची नावे व वर्ष दोऱ्याने घालावे. हे काम केवळ स्त्रियांचे समजू नये. शिंप्याचा व्यवसाय पुरुष पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, मग घरातील पुरुषांनी सुई धरण्यास संकोच कशाचा? लहान मुलांचे टाके वाकडे पडतील. ते उसवू नयेत. वीस वर्षांनी त्या मुलाला स्वतःची ओळ बोटाने शोधता येईल.

जे आहे त्याचा शेवटपर्यंत उपयोग करणे आणि नव्याचा संग्रह आवरणे, ही शिकवण आपल्या समाजाला नवी नाही. गोधडी शिवताना तिच्यावर वेगळे प्रवचन द्यावे लागत नाही. हातातील सुईच ते काम करते.

एकेकटा थर विरलेला असतो, ओढला तर फाटतो. पाच थर टाक्यांनी बांधले की तेच कापड आणखी कितीतरी हिवाळे काढते. घराचेही तसेच आणि 50 वर्षे टिकलेल्या संस्थेचेही तसेच. पुढच्या वर्षी याच मंडपात घरोघरच्या गोधड्या एका दोरीवर मांडल्या जाव्यात आणि प्रत्येकीशेजारी ती शिवणारी आजी बसलेली असावी, एवढीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!