पहिले पान, शेवटचे पान

(गांधीबाग, नागपूर येथे नागरिकांच्या एका सभेत एका कापड व्यापाऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. या गांधीबागेत गेली चाळीस वर्षे मी ठोक कापडाचे दुकान चालवतो. मीटर आणि थान यांच्या हिशेबात ज्याचे आयुष्य गेले, त्याला 'क्रीडा आणि राष्ट्रजीवन' असा भारदस्त विषय देण्यात आयोजकांनी मोठेच धाडस केले आहे. मी नको म्हटले, तेव्हा मला सांगण्यात आले, "विद्वानांना आम्ही नेहमीच ऐकतो. सामान्य नागरिक वर्तमानपत्र वाचून काय विचार करतो, तेवढे तुम्ही सांगा." तेवढेच सांगतो.

माझे वडील वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचत. अग्रलेख संपेपर्यंत चहा गार झाला तरी त्यांना चालत असे. शेवटच्या पानावरील क्रिकेटकडे ते ढुंकूनही पाहत नसत. मी मात्र लहानपणापासून वर्तमानपत्र मागून उघडतो. आधी धावा, बळी, जय-पराजय, आणि मग जमले तर देश. वडिलांना याचा राग येई. आता माझा मुलगा वर्तमानपत्रच उघडत नाही, तेव्हा राग कोणत्या तोंडाने करावा?

२०२५ या वर्षाने मात्र माझी ही सवय मोडली. त्या वर्षी पहिले पान आणि शेवटचे पान यांत भेदच उरला नाही. २ मार्चला आपल्या विदर्भाने जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला. पंधरा दिवस लोटतात न लोटतात, तोच १७ मार्चला महाल परिसरात दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि आपल्या बाजाराची शटर खाली आली. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन कुरणात २६ जणांची हत्या झाली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते. ७ मेच्या पहाटे 'ऑपरेशन सिंदूर'ची वार्ता आली. त्या सकाळी गादीवर बसलेल्या एकाही व्यापाऱ्याने भाव विचारला नाही. सारे दूरदर्शन संचासमोर उभे होते.

हा क्रम मी अशासाठी सांगितला की १४ सप्टेंबरची संध्याकाळ त्याशिवाय समजणार नाही.

त्या दिवशी दुबईत आशिया चषकात भारत-पाकिस्तान सामना होता. तत्पूर्वी २१ ऑगस्टला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने धोरण जाहीर केले होते : पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने होणार नाहीत, मात्र अनेक राष्ट्रांच्या स्पर्धेत आपला संघ उतरेल. या धोरणामागे तर्क आहे. आपण माघार घ्यायची आणि गुण त्यांना आंदण द्यायचे, यात कोणता पराक्रम, असे म्हणणाऱ्यास मी मूर्ख ठरवू शकत नाही. परंतु पहलगाममध्ये ज्यांनी आपले माणूस गमावले, त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी उघडपणे सांगितले होते की हा सामना नको. अशा वेळी तर्क थोडा बाजूला ठेवून त्या घरांचे ऐकायला हवे होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. येथे बसलेल्या कित्येकांचे मत निराळे असेल. असो.

दुकानात मी मोठ्या आवेशाने घोषित केले, "आपल्या घरी आज सामना लागणार नाही." दोन ग्राहकांनी माना डोलावल्या. शेजारच्या दुकानदाराने माझा हात हाती घेतला. मला फार बरे वाटले.

रात्री घरात संच बंद. जेवणे झाली. मुले आपापल्या खोलीत. मी सज्जात येऊन उभा राहिलो. सेंट्रल ॲव्हेन्यूच्या बाजूने फटाके वाजू लागले आणि मला कळले, आपण जिंकलो. बंधूंनो, तेव्हा माझ्या मनाने जी उडी मारली, ती खोटी नव्हती. मी आत जाऊन मुलाच्या दारावर टकटक केली आणि विचारले, "किती गडी राखून?" तो हसला आणि म्हणाला, "सात. पण बाबा, आपण तर पाहत नव्हतो ना?"

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खेळाडूंनी त्या दिवशी हस्तांदोलन केले नाही. पुढे २८ सप्टेंबरला अंतिम सामना जिंकल्यावर पाकिस्तान क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांच्या हातून, जे त्या देशाचे गृहमंत्रीही आहेत, आपल्या संघाने चषक स्वीकारला नाही. त्यांनी जे केले ते मैदानात उभे राहून, साऱ्या जगासमोर केले. त्यावर टीका झाली, तीही त्यांनी सोसली. मी काय केले? एक बटण बंद केले. त्या बहिष्काराची मला एक पैची झळ लागली नाही. उलट चार लोकांत मान मिळाला.

हे मनात घोळू लागले तसा त्याच वर्षीचा जुलै महिना आठवला, आणि मी अधिकच अस्वस्थ झालो.

२८ जुलैला जॉर्जियातील बातुमी येथे आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हम्पी. अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना भारतीयच. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलदगती डावांत निकाल लागला. वय १९. ग्रँडमास्टर पदासाठी लागणारा एकही नॉर्म हाती नसताना गेलेली ही मुलगी परतली ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर होऊन. एकही भारतीय महिला याआधी हा विश्वचषक जिंकू शकली नव्हती. राज्य शासनाने तीन कोटी रुपयांचे पारितोषिक देऊन तिचा गौरव केला, तो सर्वथा उचित होता.

आमच्या बाजारातही उत्साहाला उधाण आले. मी स्वतः पाच किलो संत्रा बर्फी मागवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवली. "आपली नागपूरची पोर," मी प्रत्येकाला सांगत होतो. पुढे विमानतळावरील तिच्या स्वागताचे वृत्त वाचले. ढोल, हार, गर्दी या साऱ्यात त्या मुलीने आपले पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांचे स्मरण केले आणि हे यश त्यांना अर्पण केले. ते २०२० साली अवघ्या चाळिशीत निवर्तले. आपण ग्रँडमास्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती, असे ती म्हणाली.

हे नाव मी तोवर कधी ऐकले नव्हते. याच शहरात एक माणूस वर्षानुवर्षे लहान मुलांना प्यादी-घोडे शिकवत होता; त्याचे नाव मला त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, तेही त्याच्या शिष्येने विश्वचषक जिंकला म्हणून, वर्तमानपत्रातून कळले. आणि मी म्हणत होतो, 'आपली' पोर.

आता जे सांगणार आहे ते आयोजकांना मी आधी सांगितलेले नाही.

बर्फी वाटताना आमच्या मुनीमजींच्या हातावरही मी एक तुकडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला नाही. बिलाच्या कागदात बांधून खिशात ठेवला. मी सहज विचारले, "मुनीमजी, तुमचीही मुलगी धावायची ना?"

"धावत होती, भाऊ. आता सोडलं तिनं. कॉलेजात आहे."

एवढेच बोलून ते खतावणीकडे वळले. आणि मला २०२२ चा ऑक्टोबर आठवला. ती मुलगी आठशे मीटर धावत असे. राज्यस्तरीय शालेय स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. पुण्याला बालेवाडीला जायचे होते. तिची आई अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरे कोणी नाही, तेव्हा वडिलांनीच सोबत जायला हवे होते. मुनीमजींनी माझ्याकडे पाच दिवसांची रजा मागितली. दिवाळी तोंडावर होती, खेड्यापाड्यांचे व्यापारी दुकानात दाटीवाटीने बसलेले. मी रागावलो नाही, आवाजही चढवला नाही. मी म्हणालो, "मुनीमजी, सीझनमध्ये कसं जमेल? पुढच्या वर्षी पाहू." ते बरे म्हणाले. मी विसरलोही.

पुढच्या वर्षी त्यांनी विचारले नाही, आणि मीही विचारले नाही.

ती मुलगी पुण्याला जाऊन जिंकलीच असती, असा माझा दावा नाही. बहुधा पाचवी-सातवी येऊन परतली असती. पण धावली असती. हरण्याचा तिचा हक्क मी पाच दिवसांच्या विक्रीसाठी ठेवून घेतला, आणि ज्याने तो घेतला, तोच तीन वर्षांनी बर्फी वाटत उभा होता.

मित्रहो, १९५२ सालचा एक प्रसंग आपल्या महाराष्ट्रात अनेकदा सांगितला जातो. खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते. पैसा नव्हता. कराडजवळच्या गोळेश्वर गावाने झोळी फिरवली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांच्या मिरवणुकीचे वर्णन आपण सारे रंगवून सांगतो. पुढे शासनाने त्यांची कशी उपेक्षा केली, अर्जुन पुरस्कारही मृत्यूनंतरच कसा मिळाला, हेही तावातावाने सांगतो. मीही सांगत आलो आहे.

मात्र आता ही कथा आठवली की माझे लक्ष त्या प्राचार्यांवरच खिळते. ज्या दिवशी ते गहाणखतावर सही करत होते, त्या दिवशी पदक कुठे होते? वर्तमानपत्रात छापण्यासारखे तेव्हा काहीही नव्हते. एक विद्यार्थी होता, आणि तो हरूनही परतला असता. घर मात्र गहाणच राहिले असते. खाशाबांच्या उपेक्षेबद्दल शासनाला दोष देताना, मुनीमजींच्या पाच दिवसांचा दोष मी कोणत्या शासनाकडे पाठवू?

उदाहरणे दूरची नकोत. आपल्याच नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेता झाला. तो घडला साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. साताऱ्याचे अभिनंदन, पण आपल्या मुलाला इतक्या दूर का जावे लागले, हे त्याच्या यशाचे फलक लावताना आपण एकमेकांना विचारले का? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उंचावला, तेव्हा साऱ्यांना एकदम आठवले की त्यांचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर कधी चढली नाही. कोणाची तरी पाळी येईल म्हणून आयुष्यभर पॅड बांधून बसलेल्या माणसाला काय कळत असेल, ते मला सांगता येणार नाही. त्या रात्रीही फटाके वाजले. मी सज्जात गेलो नाही. संचासमोर बसून शेवटच्या चेंडूपर्यंत सामना पाहिला आणि मनसोक्त आनंद केला. आनंद करू नये असे मी म्हणत नाही. फटाके वाजवणाऱ्या मुलांवर मी नाराजही नाही.

दिवाळीपूर्वी मी मुनीमजींना विचारले, "मुलीला म्हणावं पुन्हा धाव. रजा काय, पैसे काय, मी पाहतो." ते हसले. म्हणाले, "भाऊ, वय निघून गेलं तिचं." मग जरा वेळाने, पाठ फिरवूनच बोलले, "धाकटा बुद्धिबळ खेळतो. मोबाईलवर. एकटाच."

आमच्या दुकानाची माडी रविवारी रिकामी असते. तेथील गठाणी एका बाजूला सारून मी जागा करून घेतली आहे. सतरंजी आहे, पंखा आहे, बुद्धिबळाचे सहा पट आणि सोंगट्या आणून ठेवल्या आहेत. मुनीमजींचा धाकटा येतो, हमालपुऱ्यातली चार मुले येतात, एक मुलगी येते. त्यांना घोडा अडीच घरे चालतो इतपत मी शिकवू शकतो. त्यापुढे माझी विद्या संपते, आणि गेल्या रविवारी त्या मुलीने मला अठरा चालींत मात दिली.

शिकवणारा हवा आहे. या सभेत कोणी पूर्वी स्पर्धा खेळलेले असतील, निवृत्त शिक्षक असतील, किंवा अशा कोणाला ओळखत असतील, तर कार्यक्रम संपल्यावर मी डाव्या हाताच्या दाराशी उभा आहे. सकाळी साडेआठ ते अकरा. मानधन माझ्याकडून.