वर्गणी : हक्काची की सक्तीची?

(कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कामगार संघटनेचे सभासदत्व आणि वर्गणी सक्तीची असावी काय, हा प्रश्न आपल्या चळवळीत अधूनमधून डोके वर काढतो. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने, 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना हीच वाटाघाटींची एकमेव अधिकारी ठरवली. त्यामुळे तो आता पुन्हा निकडीचा झाला आहे.

सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. संघटनेने करार करून पगारवाढ मिळवली, की तिचा लाभ वर्गणी न भरणाऱ्यालाही मिळतो. शिक्षक संघटनेची पावती फाडताना कां कूं करणारे माझे काही सहकारी सुधारित वेतनश्रेणीची थकबाकी मात्र सर्वांआधी मोजून घेत. तेव्हा मलाही वाटे की, वर्गणी परस्पर पगारातूनच कापावी.

अमेरिकेतील अनुभव या युक्तिवादाला बळ देतो. तेथे बहुमताने निवडलेल्या संघटनेवर बिगरसभासदांचेही प्रतिनिधित्व करण्याचे कायदेशीर बंधन असते. तरीही 1947 च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने वर्गणीच्या सक्तीवर बंदी घालण्याची मुभा घटक राज्यांना दिली. 2018 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने जॅनस खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, सरकारी नोकरीतील बिगरसभासदांकडून वाटाघाटींचा खर्चही घेण्यास मनाई केली. जबाबदारी लादायची आणि तिचा खर्च नाकारायचा, याला न्याय म्हणता येत नाही.

परंतु तेथे आधी बहुमत आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत काय घडले? 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे 25 टक्के सभासद दाखवणारी संघटना साऱ्या कामगारांची प्रातिनिधिक ठरे. त्या आधारे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकमेव प्रतिनिधीचा दर्जा होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. हा कायदा रद्द व्हावा, ही त्यांची एक मागणी होती. कामगार एकीकडे आणि कायद्याने नेमलेला त्यांचा प्रतिनिधी दुसरीकडे, असे ते विपरीत चित्र होते. अशा व्यवस्थेत वर्गणीही सक्तीची असती, तर कामगारांनी सोडलेल्या संघटनेची तिजोरी कामगारांच्याच पगारातून भरत राहिली असती!

न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने 1969 सालीच, केवळ सभासदांनाच नोकरी देण्याची पद्धत व्यवहार्य नाही व इष्टही नाही, असे म्हटले होते. मान्यताप्राप्त संघटनेने मागणी केल्यास मालकाने वर्गणी कापून द्यावी, इतपतच आयोग गेला. अशा कपातीला कामगाराची लेखी संमती लागते, हे तत्त्व आपल्या वेतनविषयक कायद्यानेही मानले आहे. ते आपण जपले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे क्रमाचे आहे. आधी गुप्त मतदान, मग मान्यता, मग वर्गणीचा विचार. बहुमताने निवडलेल्या आणि ठरावीक मुदतीने पुन्हा मतदानाला सामोऱ्या जाणाऱ्या संघटनेने वाटाघाटींच्या खर्चाचा वाटा सर्वांकडून मागावा. मात्र तपासलेला हिशेब कारखान्याच्या दारावर लावावा. सभासदत्व ऐच्छिकच राहावे. राजकीय निधी वेगळा असावा आणि त्याची सक्ती नसावी, ही तरतूद 1926 च्या कायद्यात होती. आपल्या पक्षाला ती कधी कधी गैरसोयीची वाटली असेल. पण ती न्याय्य होती.

तोवर पगाराच्या दिवशी दारात उभे राहून वर्गणी मागण्याचे कष्ट आपण टाळू नयेत. त्या वेळी कार्यकर्त्याला जी बोलणी ऐकावी लागतात, तीच संघटनेची खरी तपासणी असते. वर्गणी आपोआप येऊ लागली, की ती बोलणी ऐकू येईनाशी होतात; आणि संघटना मालकाच्या हल्ल्यापूर्वीच आतून पोकळ होऊ लागते.