उत्ताप विद्युत् : घाटाच्या पायरीवरून



अहिल्याबाई घाटावर संध्याकाळी बसणाऱ्यास एक अनुभव नेहमी येतो. सूर्य केव्हाच मावळलेला असतो, गंगेवरून गार वारा सुटलेला असतो. पायरीचा दगड मात्र अद्याप उबदार लागतो. पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिळांच्या उबेपासूनच आज एका शास्त्रीय विषयाकडे वळावे, असा आमचा मानस आहे.

दगड उष्णता केवळ साठवतो. काही स्फटिक मात्र तापताच विद्युत्‌भार प्रकट करतात. अठराव्या शतकाच्या आरंभी डचांनी सिंहलद्वीपाहून युरोपात नेलेली तोरमल्ली तापविली असता राखेचे कण ओढून घेई. हा विजेचाच परिणाम आहे, हे १७५६ मध्ये एपिनसने ओळखले; १८२४ मध्ये ब्रूस्टरने त्याचे नामकरण केले. मराठीत त्यास आपण उत्ताप विद्युत् म्हणतो.

झिंक ऑक्साइड या अर्धसंवाहकातही हा गुण आहे. त्यातील जस्ताच्या व ऑक्सिजनच्या अणूंची रचनाच अशी असते की, एका अक्षावर धन आणि ऋण भारांची केंद्रे जुळत नाहीत. एरवी ही विषमता दिसत नाही, कारण सुटे भार पृष्ठभागावर जमून ती झाकतात. तापमान बदलले की अणू किंचित सरकतात, जुने आवरण पुरत नाही अथवा अधिक होते, आणि जोडलेल्या तारेतून प्रवाह वाहू लागतो. तापमान स्थिरावले की तो थांबतो. स्थिर उष्णता कितीही असो, स्फटिक मौनच धरतो.

मग पातळ पटल कशासाठी? घाटाची शिळा तापावयास दिवस लागतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या पटलास माणसाच्या देहातून निघणारे अवरक्त किरणही पुरतात. मात्र ते जाड सिलिकॉनवर टेकलेले असेल, तर ऊब खाली झिरपते. म्हणून खालचा भाग कोरून काढून पटल ताणलेल्या चामड्यासारखे अधांतरी ठेवतात. दुसरी अडचण अर्धसंवाहकाच्या स्वभावातलीच आहे : मोकळे इलेक्ट्रॉन फार झाले, तर ते उमटलेला भार तत्काळ झाकतात. त्यामुळे पटलाचा विद्युत्‌रोध जपावा लागतो. लिथियम टँटलेट किंवा शिसेयुक्त सिरॅमिक यांचा संकेत अधिक प्रबळ असतो. पण झिंक ऑक्साइडात शिसे नाही आणि त्याचे पटल सिलिकॉनवरच घडविता येते, हा त्याचा मोठा लाभ होय.

जिन्यात पाऊल टाकताच आपोआप लागणारा दिवा आपण पाहतो. त्यामागे बहुधा हेच तत्त्व असते. तेथे निश्चल बसून राहिल्यास दिवा विझतो. आपण असतो, आपली ऊबही असते, परंतु बदल नसतो.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्या घरांतील मराठीचेही असेच नाही काय? पूर्वजांची ऊब शिळेसारखी टिकून आहे, एवढ्या समाधानावर मुलांच्या मनात भाषा उमटत नाही. त्यासाठी घरात रोज काही हालचाल हवी.