समुद्राचं आवर्तन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

भडगावचा माणूस समुद्रप्रवासावर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल. पण आमची गिरणा जळगाव जिल्ह्यातच तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. म्हणजे नात्याने समुद्र आमचा व्याहीच. फक्त त्याच्या घरी जाणं साठी उलटेपर्यंत झालं नव्हतं.

योग आला तो जावईबापूंमुळे. ते मुंबईत ज्या शेठजींकडे नोकरीला आहेत, त्यांची स्वतःची यॉट आहे. इंजिनावर चालणारी, आत दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा ओटा असलेली बोट. चैत्रात मुंबईहून निघून मुरूड, बाणकोट, हर्णै करत रत्नागिरीपर्यंत जायचा त्यांचा बेत होता. एक जागा रिकामी होती. "मामा, चला," जावई म्हणाले. मी हर्णैपर्यंत जायचं आणि दापोलीहून एस.टी.ने परत फिरायचं ठरलं.

चैत्र या प्रवासाला चांगला. सकाळी समुद्र तव्यासारखा सपाट असतो. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, मग मात्र पोटातलं सगळं वर येतं. माझं आलं. मे उलटताना पाणी फुगायला लागतं आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. याच वाटेने एकेकाळी कोकणातली माणसं आगबोटीने गावी जात. धक्का नसेल तिथे आगबोट बाहेर उभी राही आणि पडावातून किनारा गाठावा लागे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि गावोगाव थांबणाऱ्या त्या आगबोटी फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरल्या.

आमच्या बोटीवर कोकणातला एक वयस्क तांडेल होता. पहिल्या रात्री मुरूडला मुक्काम झाला. सकाळी जंजिरा पाहिला. भिंती थेट पाण्यातून वर आलेल्या, आणि दरवाजा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथून बाणकोट. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. वर हिंमतगड आहे, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. शेठजींना खाडीत शिरून तो बघायचा होता. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तांडेलाने इंजिन मंद केलं आणि म्हणाला, "शेठ, आज अष्टमी."

रामनवमीचा आदला दिवस होता, हे मलाही ठाऊक होतं. पण अष्टमीचा आणि बोटीचा संबंध काय? तो त्याने समजावला. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ येते. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो. ओहोटीत बोट त्यावर रुतली, की बसा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण पंचांगाचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता.

तीन तास थांबलो. शेठजी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. मला त्याचं नवल वाटलं नाही. उन्हाळ्यात गिरणा धरणातून आवर्तन सुटलं, की आमच्याकडे नदीकाठी जो तो विचारतो, "पानी उनं का?" पाणी त्याच्या वेळेला येतं. आपण पात्रात खड्डे करून बसायचं.

साडेतीनला आत गेलो, गड पाहिला आणि मावळतीला बाहेर पडलो. आता गेलेले तास भरून काढायचे होते. तांडेल म्हणाला, "इथेच नांगर टाकू. रात्री पुढे जाळी असतात." शेठजींना हर्णै गाठायचं होतं. आणि खरं सांगतो, मलाही सकाळची एस.टी. दिसत होती. मीच म्हणालो, "चांदणं आहे, जाऊ हळूहळू." पाहुण्या म्हाताऱ्याचा शब्द तांडेलाने मोडला नाही.

केळशीच्या समोर इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं. पंख्यात जाळं गुंतलं होतं. दूर एक मिणमिणता दिवा होता, तो आम्ही ताऱ्यात धरला होता. खलाशी कोयता घेऊन पाण्यात उतरला. तासाभराने ती होडी आली. त्यात म्हातारा बाप आणि त्याचा मुलगा. मुलाने फाटलेलं जाळं हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात नुसतं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेठजींनी घासाघीस न करता नोटा मोजल्या. म्हाताऱ्याने त्या घेतल्या. मग म्हणाला, नवं जाळं येईल, पण ते भरून तयार करायला पंधरवडा जाईल. दर्या बंद व्हायला दीड महिना राहिला. त्यातले पंधरा दिवस आम्ही कुठून आणायचे? शेठजींनी खिशाकडे पुन्हा हात नेला. म्हातारा नको म्हणाला.

रात्र तिथेच काढली. तांडेल माझ्याशी नेहमीसारखाच बोलला, चहाही दिला. उजाडल्यावर हर्णैला आलो. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. मी मान खाली घालूनच टोपल्यांमधून वाट काढली. दापोलीची सकाळची गाडी मला मिळाली. शेठजी रत्नागिरीपर्यंत गेले, दिवसाउजेडी.