पंप पाठीवर घेण्याआधी



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘एकात्मिक कीड नियंत्रण’. मी त्याच्या व्याख्येपासून सुरुवात करत नाही, तुम्हा सगळ्यांच्या ओळखीच्या एका अळीपासून करतो. गुलाबी बोंडअळी. शेंदरी म्हणूनही आपण तिला ओळखतो. ती कोवळ्या बोंडात शिरते, शिरल्याचे छिद्र बुजून जाते, बोंड वरून हिरवेगार राहते आणि आत ती सरकी खात असते. बोंड धड उमलत नाही आणि वेचणीला हाती येतो कवडी कापूस. तोवर करण्यासारखे काही उरलेले नसते.

2018च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की, त्यांच्या कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाली आहे. त्याच्या आदल्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार माजवला होता. कित्येकांनी उभ्या पराटीत ट्रॅक्टर घातला. दोन्हीकडे अळी तीच आणि बियाणेही बीटीचेच, म्हणजे अळीला मारणारे जनुक घातलेले. तिथे ती संपली आणि इथे बळावली. असे का झाले, याचा शोध घेतला की आजचा विषय आपोआप समजतो.

तिथे बीटी बियाणे हा अनेक उपायांपैकी एक होता. कापूस निघाला की पराटी ठरलेल्या मुदतीत मोडायची, हा नियम होता. मादीच्या गंधाने नराला चकवणारी आमिषे शेतात लावली. प्रयोगशाळेत वाढवून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, म्हणजे शेतातल्या पतंगांचे मीलन त्यांच्याशी व्हावे आणि अंडी फळूच नयेत. खर्चाचा मोठा वाटा कापूस उत्पादकांनी स्वतः उचलला आणि पट्ट्यातला प्रत्येक शेतकरी त्यात सामील झाला.

आपल्याकडे 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचे वाण आले, आणि आपण समजलो की बोंडअळीचा प्रश्न संपला. पिशवीत 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटीची वेगळी पुडी मिळायची. ती कडेने पेरायची होती. किती जणांनी पेरली? मी गावोगाव विचारत आलो आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले: पुडी बांधावर पडली. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्या पुडीचे काम काय, हे त्याला कुणी नीट समजावलेच नाही. ते काम असे होते. बीटीला दाद न देणारा एखादा पतंग निपजलाच, तर त्याची गाठ त्याच्यासारख्याच दुसऱ्याशी पडू नये. आसपास बिगर-बीटी झाडांवर वाढलेले साधे पतंग भरपूर असावेत, म्हणजे पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडेल. आपण ती कड ठेवली नाही. त्यात आपले संकरित वाण लांब मुदतीचे. डिसेंबरनंतरही ओलीत देऊन त्याच झाडांवर पुन्हा बोंडे, म्हणजे फरदड, घेण्याची सवय, म्हणजे अळीला मार्च-एप्रिलपर्यंत अन्नछत्र. 2010च्या सुमारास गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला अळी दाद देत नाही असे दिसले, पुढे काही वर्षांत दुसऱ्यालाही. निसर्गात एकाच हत्यारावर कुणी फार काळ जिंकत नाही.

आणि हत्यार बोथट झाल्यावर आपण काय केले? पंप पाठीवर घेतला. 2017च्या त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. कापूस डोक्याइतका वाढलेला, हवा दमट, दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवलेली, अंगावर साधा सदरा. ती माणसे मला विसरता येत नाहीत. आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो, हा शब्द मला फार खटकतो. औषध म्हटले की हात सैल होतो, वास अंगावर घ्यायला कुणी कचरत नाही.

एका शिवारात एका ताईंनी मला विचारले, “सर, कोणतं औषध मारू?” मी म्हटले, “कीड किती आहे?” त्या म्हणाल्या, “ते नाही पाहिलं. शेजारी मारून राहिले, म्हणून.” एकात्मिक नियंत्रणाची सुरुवात ‘किती आहे’ या प्रश्नापासून होते. 1959 साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी हा विचार मांडला. शेतात कीड दिसली म्हणजे नुकसान झाले असे नव्हे. होणारे नुकसान जेव्हा उपायाच्या खर्चाला गाठू लागते, तेव्हाच हात उचलायचा. त्यालाच आपण आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतो. भारताने 1985 पासून हे धोरण म्हणून स्वीकारलेले आहे. कागदावरून ते बांधावर यायला मात्र फार वेळ लागला.

बोंडअळीसाठी ही मोजणी कुणालाही जमेल अशी आहे. मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे कामगंध सापळे एकरी दोन लावायचे. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले, तर धोका. पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल म्हणजे डोमकळी. ती दिसली की तोडून नष्ट करायची, कारण आत अळी असते. शेतात फिरून वीस हिरवी बोंडे तोडा, फोडा. दोनांत अळी निघाली, तर फवारणीचा विचार करा. निघाली नाही, तर पंप घरी राहू द्या. रासायनिक फवारणीच्या आधी पाच टक्के निंबोळी अर्क आहे. बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालणाऱ्या ट्रायकोग्रामाची कार्डे आहेत. हंगामाच्या सुरुवातीला जहाल फवारणी केली, तर ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक आधी मरतात आणि ज्या पांढऱ्या माशीला ते आवरून धरत होते ती मोकाट सुटते. म्हणजे आपल्याच खर्चाने आपण नवी कीड तयार करतो.

हे एकट्याने मात्र होत नाही. माझ्या शेतात मी फरदड मोडली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर त्याचे पतंग माझ्याकडे येणारच. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात 1990च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने कापसावर काम केले, ते सबंध गाव हे एक शेत मानून. मला त्या प्रयोगातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आता डासांकडे येतो. कापसाचा आणि डासांचा काय संबंध, असे वाटेल. मध्य अमेरिकेत कापसावर वर्षानुवर्षे इतक्या फवारण्या झाल्या की त्या पट्ट्यातले मलेरियाचे डासच त्या कीटकनाशकांना सरावले, आणि आटोक्यात आलेला मलेरिया पुन्हा उसळला. शेतातले विष शेतातच राहते, हा भ्रम तिथे फिटला.

आपलीही कथा फार वेगळी नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई. 1953 पासून घराघरात डीडीटी फवारली, आणि 1965च्या सुमारास हा आकडा लाखाच्या आसपास उतरला. तो विजय खरा होता, त्याने लाखो जीव वाचले. पण त्यानंतर पाळत सैल झाली, डास डीडीटीला सरावले आणि 1976 साली रुग्ण 64 लाखांवर गेले.

त्याच्याही फार आधी, 1911 साली, मुंबईतल्या मलेरियाची चौकशी डॉ. बेंटली यांनी केली होती. डास नेमका कुठे वाढतो, हे त्यांनी शोधले. घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी, हे उत्तर मिळाले. मग उपाय ठरला: विहिरी बंद करा, टाक्यांना घट्ट झाकणे बसवा. धर्मकार्यासाठी विहीर उघडी हवी म्हणणाऱ्यांशी पालिकेचा वाद झाला, समजूत घालावी लागली. ती समजूत घालणे हाही नियंत्रणाचाच भाग असतो. पुढे 1983 साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात डॉ. व्ही. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावे हाताशी धरून डबकी बुजवली, पाण्यात गप्पी मासे सोडले. कीटकनाशकाच्या फवाऱ्यावर विसंबून न राहता मलेरिया खाली आणून दाखवला. गोव्यात बांधकामांच्या ठिकाणी मलेरिया वाढला, तेव्हा बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र सक्तीचे झाले.

डेंग्यूचा एडिस तर आपल्या घरचाच. त्याची अंडी टाकीच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. गल्लीतून धूर सोडणारी गाडी त्या वेळी उडत असलेला डास मारते, रांजणातल्या अळीला तिचा पत्ताही लागत नाही. तरी नगरसेवकाकडे आपण मागणी करतो ती धुराच्या गाडीची.

 मे महिन्यात घरी दोन कामे करा. गोठ्यामागे जळणासाठी रचलेल्या पराट्यांत आणि वाळल्या बोंडांत अळी झोपलेली आहे, तो ढीग पहिल्या पावसाआधी संपवा. आणि पाण्याची टाकी रिकामी करून तिच्या कडा काथ्याने घासा. पेरणी जूनमधल्या चांगल्या पावसानंतरच करा, आणि डिसेंबर संपला की पराटी उपटा. शेजाऱ्याला बरोबर घ्या. तो तयार नसेल, तर त्याच्या बांधावर बसून त्याच्याच झाडाची वीस बोंडे त्याच्यासमोर फोडून दाखवा.